नुसते ओठ लावले

माझी आई ख्रिस्ती झाली ती एका प्याल्यापायी. पाद्रीसाहेब शेवटपर्यंत समजत राहिले, की त्यांच्या उपदेशामुळे. शहाद्याकडच्या मालकाच्या वावरात तिला पाणी वरून, ओंजळीत ओतून मिळायचं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चात, मात्र प्रभुभोजनाला मनुकांच्या पाण्याचा एकच प्याला हातोहात फिरे आणि सगळे त्यालाच तोंड लावत. ते पाहून ती म्हणाली, मी इथलीच.

पुढे एका साली म्हसावदच्या वर, डोंगरात, तिचा एकुलता भाऊ वारला. मी तेव्हा मिशनच्या शाळेत मास्तर होतो, शिवाय मंडळीचा वडील, म्हणजे तिच्या पंचांतला एक. दाढी पुरती फुटली नव्हती, पण म्हणायचं वडील. आईसोबत मीच गेलो. आमच्या भिल्लांत मयताच्या नावानं मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात, मग पानाचा द्रोण सोयऱ्यांत फिरतो. पितो तो रक्ताचा, न पितो तो पाहुणा. आणि आईनं तर बाप्तिस्म्याच्या वेळी दारू न शिवण्याची शपथ घेतलेली. द्रोण धरून ती बसून राहिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी तिनं नुसते ओठ लावले आणि द्रोण पुढे दिला.

"बहीण प्यालीच नाही," भावकीतला म्हातारा म्हणाला. कोणी भांडलं नाही. आम्ही निघालो तेव्हा पोचवायला मात्र कुणी उठलं नाही.

खाली आलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. मंडळीच्या सभेत मला विचारलं. मी पडलो शहाणा. मला वाटलं, खरं सांगितलं की आई सुटेल. म्हणालो, "घोट नाही घेतला. नुसते ओठ लावले."

"दारू ती दारूच. व्हट लावात काय अन् घोट लिन्हा काय, एकच शे," दुसरे एक वडील म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या बापानं दारूपायी घर बुडवलं होतं. आईला सहा महिने प्रभूच्या मेजापासून, म्हणजे त्या प्याल्यापासून, दूर ठेवायचं ठरलं. मी तोंडातून ब्र काढला नाही. त्याचा मला अजून राग येतो, माझाच.

पुढच्या प्रभुभोजनाला प्याला फिरवायची पाळी माझी होती. बायकांच्या ओळीत आई पहिली बसायची, त्या दिवशीही तिथंच बसली. तिला टाळून पलीकडे प्याला द्यायला मी वाकलो, तेवढ्यात सवयीनं तिनंच तो हातात घेतला. सगळी मंडळी बघत होती. तिनं मान पार बाजूला वळवली, दोन्ही हात लांब केले आणि प्याला शेजारणीला दिला.

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सभेत सांगशील ना, ओठ लावले नाहीत म्हणून?"