तेजीतला शहाणा

सोफेवाल्याला सगळे सोफेवाला म्हणूनच ओळखत. त्याचं खरं नाव घरच्यांना माहीत होतं आणि वीजबिलावर छापलेलं होतं, बाकी कुणाचं त्यावाचून अडलं नाही. लांबट गाळा, पुढे काचेमागे मांडलेले सोफे, मागे कारखाना. एका कोपऱ्यात लाकडी सांगाडे, दुसऱ्यात फोमच्या लाद्या आणि खिडकीखाली शिवणयंत्र. त्या यंत्रावर त्याची थोरली बहीण बसे. कारागीरही तिला अक्काच म्हणत. आई गेल्यावर तिनेच याला वाढवलं, हातात सुई तिनेच दिली आणि गल्ल्यावर मात्र हा बसला. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट भाऊ गल्ल्यावर शोभतो, असं ती चारचौघांत सांगत असे.

मध्यंतरी गावात तेजी आली. गावाबाहेरच्या पंपाच्या कारखान्यात रात्रपाळीही सुरू झाली, ओव्हरटाइमचा पैसा घरोघर खुळखुळू लागला आणि बँका बोलावून बोलावून कर्ज देऊ लागल्या. ज्याला त्याला घर नवं करायचं होतं. सोफेवाल्याकडे रीघ लागली. त्याने भाव वाढवला, तरी माणसं येतच राहिली. पुन्हा वाढवला, तरी तेच. मग स्वारीच्या डोक्यात हवा गेली. लोक आपल्या हातचं काम बघून येतात, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं आणि जिथे बसेल तिथे आपल्या सोफ्यांचे गोडवे गाऊ लागला. न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा त्याची टकळी चालू असे. तो न्हावीही हल्ली दाढीचे बरेच जास्त पैसे घेतो, हे मात्र ते पैसे देऊनही याच्या लक्षात आलं नाही.

अक्काच्या लक्षात आलं होतं. फरशीवाल्याकडे रीघ आहे, रंगारी तर फोनसुद्धा उचलत नाही, मग ते काय तुझे सोफे विकतात, असं तिने एकदा विचारलं. सगळ्यांच्या हाती एकदमच पैसा आलाय आणि राबणारे हात होते तेवढेच आहेत, म्हणून भाव चढलाय, हे तिचं म्हणणं. सोफेवाला हसला. धंद्यातलं बायकांना काय कळतं, असं तो बोलला नाही, पण हसला तसाच.

काम उरकेना, म्हणून त्याने पलीकडच्या गल्लीतल्या सोफेवाल्याचा सुतार जादा पगार कबूल करून फोडला. त्या पठ्ठ्याने लगेच याचा फोम कापणारा पळवला. मग याने त्याला आणखी पैसे मोजून परत आणला. अशी ओढाताण बरेच दिवस चालली आणि शेवटी दोन्हीकडे माणसं पूर्वी होती तेवढीच राहिली. सोफेही तेवढेच निघत होते. फक्त पगार वाढले होते आणि ते भरून काढायला दोघांनी पुन्हा भाव वाढवले. लाकूडवाले, कापडवाले यांच्याकडेही हाच तमाशा. एवढी धावपळ करून गावाला एकही सोफा जास्त मिळाला नाही, मिळाला तो महाग मिळाला.

मग वारं फिरलं. पंपांची मागणी घटली, कारखान्याने आधी ओव्हरटाइम बंद केला आणि मग रात्रपाळी. बँकांनी व्याज वाढवलं, हप्ते जड झाले. माणूस अशा वेळी भाजी आणणं थांबवत नाही, सोफा थांबवतो. जुन्यावर चादर टाकली की भागतं. सगळ्या गावाने एकाच वेळी चादरी टाकल्या. खुद्द सोफेवाल्याने नव्या टीव्हीचा बेत रद्द केला, आणि टीव्हीवाल्याच्या दुकानातही आपल्यासारखाच शुकशुकाट का आहे, असा प्रश्न त्याला पडला नाही. भाव खाली आणावा तर पगार चढलेले. ते कमी करायला कोण तयार होणार? त्याची झोप उडाली. तेजी आपल्यामुळे आली असं मानणाऱ्याला मंदीसाठीही गावातलाच, नव्हे घरातलाच कुणीतरी दोषी लागतो.

तो त्याला मिळाला. पंपाच्या कारखान्यातल्या एका फिटरने मोठा सोफा सांगून ठेवला होता. गिऱ्हाइकाचा शब्द घ्यायचा आणि माल नेताना पैसे, अशी या दुकानाची जुनी रीत. सोफा तयार झाला, फिटर आला. भोवती फिरला, बसून पाहिला, उठला. मग सोफ्याच्या हाताच्या कडेवर बोट ठेवून म्हणाला की शिवण वाकडी आहे, तुमचं काम आता पूर्वीसारखं राहिलं नाही, मला नको.

सोफेवाला मागे, आपल्या कारखान्याकडे वळला. सुतार, फोम कापणारा, फिटर, सगळे तिथेच उभे होते.

"अक्का, तुला आता दिसत नाही. तुझ्यापायी माझा धंदा बसला."

अक्काने पदराला टोचलेल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, यंत्रावर कापड टाकलं आणि ती आपल्या घरी निघून गेली. फिटर खाली बघत होता.

अक्का गेली, म्हणून गिऱ्हाईक काही परत आलं नाही. नवा शिवणारा आणला, तोही रिकामा बसू लागला. पलीकडच्या गल्लीतल्या सोफेवाल्याने तर कुलूपच लावलं. एकदा न्हाव्याकडे, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत, तो फिटर भेटला. त्यानेच विषय काढला.

"शिवणीचं मनावर घेऊ नका. ओव्हरटाइम बंद झाला होता. परवडत नाही, असं तोंडाने म्हणवेना. लाज वाटली, म्हणून काहीतरी बोलून गेलो."

सोफेवाला अर्ध्या दाढीनेच उठला. सोफा अजून काचेमागेच होता. त्याने दिवा लावला, गुडघ्यावर बसून शिवण पाहिली. शिवण सरळ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक टाका इकडचा तिकडे नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फिटर आपली लाज झाकायला खोटं बोलला होता आणि याने ते झेललं होतं, कारण ते सोयीचं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो परत फिरे. समोरून ओळखीचं कुणी आलं की रस्ता बदले. अक्काला बोलला त्या दिवशी कारखान्यात कोण कोण उभं होतं, हे त्याला सारखं आठवत राही.

शेवटी गेला. अक्काने दार उघडलं, पाणी दिलं, भावजयीची चौकशी केली. घरात तिचं स्वतःचं शिवणयंत्र दिसेना. विचारलं, तर विकून टाकलं म्हणाली, दिसत नाही तर ठेवून काय करायचं. सोफेवाल्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. फिटर, त्याचा ओव्हरटाइम, न्हाव्याचं दुकान, सगळं. तुझी शिवण सरळ होती, तू परत ये, असंही म्हणाला.

"बाजार पडला होता, ते मला कळत होतं," अक्का म्हणाली. "पण बाजार पडला म्हणून तू मला चारचौघांत उगीच बोलशील? तू बघितलंस, तुला वाकडी दिसली, म्हणून बोललास. आता मला बरं वाटावं म्हणून सरळ म्हणतोयस. मला रोज शिवण सरळच दिसायची रे. तेव्हाच म्हटलं, डोळे गेले."

हो म्हटलं असतं, तर त्याची अब्रू राहिली असती.

"मी बघितलीच नव्हती, अक्का," तो म्हणाला. "शिवणीकडे मी बघितलंच नव्हतं."



"निदान बघायचं तरी होतंस," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढ्यातला पेला उचलून आत गेली.