खिडकीवरची गोधडी

दिवाळीनंतरचा रविवार, सकाळ. हजर: मी, नवरा, बारा वर्षांची आमची लेक आणि खेडकडच्या गावाहून आलेल्या सासूबाई. विषय: लेकीची खाज.

तिला दोन दुखणी आहेत. ॲलर्जीने नाक गळतं, अंगावर गांधी उठतात. शिवाय मूड डिसऑर्डर आहे. काही दिवस ती कुणाशी बोलत नाही, काही दिवस शब्दाशब्दाला भडकते. मनाच्या डॉक्टरांनी गेल्या खेपेला सांगितलं होतं, भडकणं असंच राहिलं तर पुढच्या भेटीत गोळीचा डोस वाढवू. लेकीला ते नको होतं. "आत्ताच पहिल्या तासाला झोप येते. खो-खोत मला कोण घेणार?"

मी संशयितांची यादी केली होती. शेंगदाणे, अंडं, नवा साबण, बाल्कनीतली कबुतरं. डॉक्टरांना विचारून एकेक बंद करून पाहिलं. सगळे निर्दोष सुटले.

त्या रविवारी पोहे खाता खाता लेकच म्हणाली, "पप्पांची नाइट असली की मला जास्त खाजतं."

"म्हणजे आता माझीच ॲलर्जी का?" नवरा म्हणाला.

"तुमची नाही. नाइटची."

"त्याला बघून मलाबी सुटती," सासूबाई म्हणाल्या.

नवरा चाकणच्या कंपनीत आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते. नाइटच्या आठवड्यात घरात वेगळं काय होतं, हे मला जाणून घ्यायचंच होतं. त्याला म्हटलं, बसमधून उतरल्यापासून काय काय करता ते क्रमाने सांगा.

"आंघोळ. चहा. झोप."

"कुठे?"

"हिच्या खोलीत. खिडकीला गोधडी लावून."

आम्ही ताटल्या तशाच ठेवून आत गेलो. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली ती गोधडी एरवी माळ्यावर असते. नाइट लागली की खाली येते आणि दोन खिळ्यांवर लटकते, लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर बरोबर. तो उठला तरी आठवडाभर ती तिथेच. लेकीला बाहेर पाठवून मी गोधडीवर एक थाप मारली. उन्हाच्या पट्ट्यात धूळच धूळ.

"माझ्या गोधडीत धूळ न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या माळ्यावर हाय."

हे मात्र खरं होतं.

लेक दाराबाहेरून विचारत होती, "आई, मला खाज येते म्हणून राग येतो, की राग येतो म्हणून खाज येते?"

ती स्वतःच्या रागाविषयी असं, एखाद्या तिसऱ्याच मुलीविषयी बोलावं तसं, पहिल्यांदाच विचारत होती. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

पुढच्या नाइटला गोधडी लावलीच नाही. नवऱ्याने खोक्यांचे पुठ्ठे आणून काचेला चिकटवले. गांधी कमी उठल्या. भांडण एकच झालं, मोबाइलवरून, पण जोरदार.

हे सगळं मनाच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "एका आठवड्यावरून मी काही ठरवणार नाही. धूळ गेली म्हणून मूडचा आजार जात नाही, त्यामुळे गोळ्या चालूच ठेवा. पण डोस आत्ता वाढवत नाही. आणखी एक नाइट पाहू."

लेकीने जिना उतरताना विचारलं, "पुढची नाइट कधी?" पप्पांच्या नाइटची तिला एवढी उत्सुकता पहिल्यांदाच होती.

ती उद्यापासून आहे. पुठ्ठे मधेच सुटून पडतात, उजेड येतो, नवरा डोळ्यांवर टॉवेल घेऊन पडून राहतो आणि लाल डोळ्यांनी मशीनवर जातो. ओल्या फडक्याने पुसता येईल असा जाड प्लास्टिकचा पडदा हवा. आज दुपारी त्याने विचारलं, "एवढा आठवडा गोधडी लावू का?"

"नको," लेक माझ्या आधी म्हणाली.

खिडकीचं माप घेऊन झालं आहे. आकुर्डीतलं दुकान आठला बंद होतं. पडदा अजून आणायचा आहे.