आधी शेंगा सोला, मग बोला

आदरणीय रूथबाई साळवे यांना यंदा पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्या शांतपणाविषयी मी लिहावे असे गौरव समितीने ठरवले. समितीत कोणीतरी खट्याळ माणूस आहे खास. माझ्याइतकी बडबडी बाई सोलापुरात शोधून सापडायची नाही.

बाईंची माझी पहिली भेट भांडणाचीच. त्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, मी नवी साहाय्यक. रुजू झाले त्याच दिवशी टाकीत पाण्याचा थेंब नाही म्हणून तणतणत त्यांच्या खोलीत शिरले. बाईंनी मान वर केली आणि भुईमुगाच्या शेंगांनी भरलेले सूप माझ्यापुढे सरकवले. म्हणाल्या, "आधी एवढ्या सोला, मग बोला." मला वाटले, ही नोकरीची परीक्षाच असावी. मुकाट्याने सोलत बसले. सूप रिकामे होईपर्यंत निम्मी तक्रार विसरले होते, आणि उरलेली निम्मी सांगण्यासारखी वाटेना.

ही त्यांची कामाची पद्धत. मुली कपड्यांच्या दोरीवरून भांडोत की बादलीवरून, दोघींना समोरासमोर बसवून मध्ये सूप. तोंड उघडायचे नाही. आमच्या शेंगाचटणीचे पाहुणे कौतुक करतात, पण तिचे गुपित कोणाला ठाऊक नाही. मुली गुण्यागोविंदाने नांदू लागल्या की स्वयंपाकीणबाई काळजीत पडतात, "बाई, चटणी संपत आली की हो!"

बाई ख्रिस्ती आहेत, आणि पक्क्या भाविक. रविवारची उपासना त्या चुकवत नाहीत, पण त्यांची खरी प्रार्थना चालते ती स्वयंपाकघरात. सकाळी कुकर लावला की ओट्यापाशी उभ्या राहून एकेका मुलीचे नाव घेऊन तिच्यासाठी प्रार्थना करायची, आणि नावे संपली की गॅस बंद करायचा. एरवी हा हिशेब बरोबर बसतो. परीक्षेच्या दिवसांत मात्र एकेकीसाठी मागणे फार असते. त्या महिन्यात आम्ही सगळ्या गाळ झालेला भात खातो आणि कोणी कुरकुर करत नाही.

रस्त्यातही तेच. लाल दिवा लागला की बाई स्कूटी बंद करून डोळे मिटतात. हिरवा झाला तरी मिटलेलेच. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. मी मागच्या सीटवर लाजेने चूर, आणि बाई सावकाश डोळे उघडून म्हणतात, "चला, बरं वाटलं." अहो, तुम्हाला वाटलं, पण मागच्या रिक्षावाल्याचे काय?

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा बाई दुपारभर तिच्या उशाशी बसून राहिल्या. आमची आई अक्कलकोटकडची. तिला मराठी तोडकेमोडके, बाईंना कन्नडचे एक अक्षर येत नाही. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी आई मला म्हणाली, "ती बाई किती छान बोलते गं." मी जन्मभर तिच्याशी बोलत आले, पण मला कधी असे म्हणाली नव्हती. त्या दिवशी मला फार भरून आले.

आता सारिकाची गोष्ट सांगते. सारिका सांगोल्याकडच्या धनगराची मुलगी, अकरावीला. एका संध्याकाळी तिचे वडील थेट भेटीच्या खोलीत येऊन उभे राहिले. "कुटं हाय ती बाई? माज्या पोरीला डोळं मिटून बसवता म्हनं. शिकाय धाडलीया मी, बाटवाय न्हाय! बांध गं सामान." सारिका पिशवी घेऊन दारात उभी राहिली. एकदा घरी गेली असती तर तिची शाळा संपलीच, पुढे लग्नच. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

माझ्याकडे आमच्या नियमांचे मोठे भाषण तयार होते. बाईंनी त्यांच्यापुढे सूप सरकवले, "बसा," आणि दुसरे माझ्यापुढे. शेतकऱ्याच्या पुढ्यात शेंगा आल्या की हात कोणाला विचारत बसत नाहीत. ते सोलू लागले, पण डोळ्यांतला राग तसाच.

तेवढ्यात आमच्या शांतवेळेची घंटा झाली. दिवेलागणीला सगळ्या मुली समोरच्या हॉलमध्ये गप्प बसतात. कोणी वंदना म्हणते, कोणी दुआ मागते, एकदोघी सरळ पेंगतात. बाई कोणाला विचारत नाहीत. सारिकाने पिशवी खाली ठेवली, वडिलांच्या शेजारी येऊन बसली आणि डोळे मिटले. ते एकटक तिच्याकडे बघत राहिले.

वेळ संपल्यावर त्यांनी विचारले, "काय म्हंतीस गं मनात?"

"बिरोबाला म्हंते, आण्णांचा राग निवू दे. मग रसायनशास्त्राची सूत्रं म्हंते."

"रोज?"

"रोज."

त्यांनी हातातली टरफले सुपात टाकली. मग म्हणाले, "सामान आत ठिव जा." आणि बाईंकडे वळून, "पोरगी ऱ्हाऊ दे हितं. पर म्हैन्याला मी बी येनार गप बसाय. घरात कुनी बसू देत न्हाय."

ते गेल्यावर मी म्हणाले, "बाई, किती शांत होतात तुम्ही!"

"कसली शांत? पाय लटपटत होते म्हणून बसले. 'प्रभो, पोर जाऊ नये' याच्यापलीकडे एक शब्द सुचला नाही मला."

ते गृहस्थ आता नेमाने येतात. परवा त्यांचा मला फोन आला. बाईंच्या पंच्याहत्तरीचे सारिकाकडून कळले होते. "म्याडम, बाईंना लई आयुष्य दे म्हनून बिरोबाला नारळ फोडला. त्यास्नी चालतंय न्हवं?"

मी बाईंना विचारले. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "त्यांना माझं आमेन सांगा."

मी सांगितले. ते म्हणाले, "म्हंजी काय?"

"म्हणजे, तसंच होवो."

"मंग हाय की," ते म्हणाले, "आमी बी तेच म्हनलो."

आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरापुढे हात जोडून मीही तेच म्हणते.