कृष्णेच्या सासरची माणसं

गुंटूरच्या मिरचीचा ट्रक आला की तात्यांचा आवाज बदलायचा. एरवी तुर्भ्याच्या मसाला बाजारात या माथाड्याची जीभ पोत्यातल्या मिरचीपेक्षा तिखट. ट्रक जरा वाकडा लागला की ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला. गुंटूरवाल्याला मात्र आधी चहा आणि मग मोडक्या हिंदीत चौकशी, "हमारी कृष्णाबाई ठीक है ना? पानी है?"

मी तिथल्याच एका गाळ्यात कारकून. "तात्या, सोयरे आल्यासारखं काय विचारता?" म्हणून चिडवलं, तर म्हणाले, "सोयरंच की. आमच्या वाईची लेक त्यांच्या घरात दिलीया."

कृष्णेचा भूगोल सांगावा तात्यांनीच. "म्हाबळेश्वरात उगम. तिची भन सावित्री कोकनात उतरली, झटक्यात दर्याला मिळाली. ही तसली न्हवं. पाठ फिरवून उगवतीला निघाली. सांगली, कर्नाटक, पार आंध्रापातुर. वाटंत एवढी तहानलेली शेतं, ती कशी सोडंल?" ऐकणाऱ्याला सांगत, न ऐकणाऱ्यालाही सांगत. मला तर ते पाठच झालं होतं.

मग त्यांच्या सुनीताने रबाळ्याच्या कंपनीतला विजयवाड्याचा मुलगा पसंत केला. लग्नानंतर तिकडेच राहायचं होतं. तात्या बिथरले. "एवढ्या लांब? दुखलं-खुपलं तर तिला कोन?" महिनाभर लेकीशी बोलले नाहीत, गुंटूरच्या ट्रककडेही बघेनात. मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, नदी दिलीत तेव्हा लांब वाटलं नाही?" ते डोक्यावरचं फडकं काढून नुसतं तोंड पुसत राहिले. फार लागेलसं बोललो, असं मला घरी जाईपर्यंत वाटत होतं. पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आले.

गेल्या वर्षी तात्या गेले. शिरवण्याच्या त्यांच्या खोलीत भेटायला गेलो, तेव्हा सुनीताने सांगितलं. आईवडील पहिल्यांदा तिच्याकडे आले, तेव्हा तिने त्यांना कृष्णेच्या घाटावर नेलं. आईने वाईहून आणलेल्या खणानारळाने नदीची ओटी भरली. आजूबाजूच्या बायका तेलुगूत बोलत होत्या. तात्यांना अक्षर कळत नव्हतं. ते पायरीवर बसून एवढं रुंद पाणी बघत राहिले.

"मग हळूच मला विचारलं," सुनीता म्हणाली, "'हितं तुला आपली म्हनत्यात का गं?' मी म्हटलं, 'म्हणतात, तात्या.' 'मग मी सुखानं जातो,' म्हणाले. आणि अंधार पडला तरी तिथून उठेनात."