बिरोबाच्या टेकडीतली चांदी

"चांदी! अहो, चांदी आहे इथं! शिसं, जस्त आणि वरून चांदी!"

साहेब असा ओरडला, की टेकडीवरचे होले जे उडाले ते थेट सिल्लोडला जाऊन टेकले म्हणतात. साहेब म्हणजे खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीचा शास्त्रज्ञ. मी त्याच्या जीपचा ड्रायव्हर, वाटाड्या आणि, त्यानं न विचारता, सल्लागार.

देवगाव रंगारीच्या पुढं आमची टेकडी आहे. माथ्यावर बिरोबा आणि बिरोबापुढं कमरेएवढा दगडांचा ढीग. त्या ढिगातला एक करडा, चकाकणारा दगड साहेबानं उचलला होता. दिसायला मुठीएवढा, पण वजनाला लोहाराच्या ऐरणीचा सख्खा भाऊ.

"हा कुठला?" साहेबानं विचारलं.

मी छाती पुढं काढली. "इथलाच, साहेब. केळीला पिल्लं फुटावीत तसे आमच्या टेकडीला असले दगड फुटतात."

का बोललो? एवढा शिकलेला माणूस माझं तोंड बघत ऐकतोय, ह्या सुखापायी. दुसरं कारण नाही. साहेबाच्या पुस्तकात लिहिलं होतं, की असल्या काळ्या पाषाणात हा माल सापडत नाही. पण पुस्तक खोटं पाडणारा पहिला माणूस व्हायचं कुणाला नको असतं? तर आमच्या टेकडीतल्या शोधाचा इतिहास हा असा सुरू झाला, माझ्या थापेपासून. आधी उतारावर चर खणले. मग बोअरचं यंत्र आलं. मग कंपनीनं अख्ख्या टेकडीसाठी अर्ज केला आणि कुंपणाचे खांब येऊन पडले.

खांब बघितले आणि माझ्या चुलतीनं मला अंगणातच धरलं. चुलता तेव्हा कळप घेऊन विदर्भाकडं गेलेला. दिवाळी झाली की जातो, पावसाच्या तोंडावर परततो.

"आखाडात मेंढरं कुठं उभी करू रे? काळ्या रानात? चिखलात खुरं सडत्यात त्यांची. पावसाळाभर कोरडी जागा म्हंजी ती एक टेकडी. तुझ्या जिभेनं ती बी घालवलीस."

त्या दिवसापासून ती मला भाकरी वाढायची ती ताटाकडं बघून. माझ्याकडं बघायचीच नाही.

म्हणून मी आयुष्यात न केलेलं काम केलं. साहेबासमोर उभा राहून खरं बोललो. "साहेब, हे दगड टेकडीचे नाहीत. आमच्यात रीत आहे. कळप जिथवर चरायला जाईल, तिथला एक दगड आणून देवापुढं ठेवायचा. हा ढीग गावोगावचा आहे."

साहेब पोट धरून हसला. "मागं म्हणालात, टेकडीला दगड फुटतात. काल म्हणालात, तुमच्या आजोबांनी ह्याच चांदीचे तोडे करून गाढवाच्या पायात घातले होते. आज हे नवीन?"

यंत्रावरची माणसंही हसली. गाढवाचा किस्सा त्यांना फारच पटला होता. खऱ्याला मात्र एक गिऱ्हाईक मिळेना.

पहिल्या बोअरमधून दगडाच्या कांड्या निघाल्या, काळ्या. दुसऱ्यातून निघाल्या, त्याही काळ्याच. तिसरं बोअर इतकं खोल गेलं, की खाली शेषनागाला गुदगुल्या होऊन आमच्या गावातली भांडी वाजली. कांड्या काळ्याच. तरी साहेब त्या ढिगाकडं बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "आणखी खोल."

मग आभाळ भरून आलं आणि सांगावा आला, की चुलता कळप घेऊन वेशीपाशी पोचलाय. मी साहेबाला चहाच्या निमित्तानं बिरोबापाशी नेऊन बसवलं. म्हटलं, आता तोंडानं काही सांगायचं नाही.

चुलता चढून आला. मागं मेंढरं, एवढी की टेकडीला लोकर फुटल्यागत दिसावी. त्यानं घोंगडीच्या खोळीतून एक दगड काढला. करडा, चकाकणारा. कपाळाला लावला आणि ढिगावर ठेवला.

साहेबाच्या हातातला कप तिथंच निसटला. "हा कुठून आणला?"

"नागपूरच्या पल्याडनं. मेंढरं बसवली व्हती तिकडं, जुन्या खाणीच्या खड्ड्यापाशी."

"आणि हे बाकीचे?"

"त्यो माझ्या बापानं आणल्याला. ह्यो म्या, मागल्या साली. खालचे समदे जुन्या लोकांचे."

"इथला एकही नाही?"

चुलत्याला प्रश्नच कळेना. "इथला कशापायी ठिवावा? इथला देवाला रोजच दिसतोय की."

साहेब माझ्याकडं वळला. "तुम्ही खरं सांगत होता?"

"एकदाच, साहेब. सवय नाय."

दोन दिवसांत यंत्र उतरलं, खांब ट्रकवर चढले, अर्ज माघारी गेला. शेवटचा ट्रक वळणाआड गेल्यावर मी टेकडीवरून जो पळत सुटलो, ते वाऱ्याला मागं टाकून अंगणात उभा राहिलो. हात पसरून गर्जलो, "काकू! कंपनी पळवली! तीन बोअर, एवढालं यंत्र, शिकलेली माणसं, समद्यांना मी एकट्यानं धूळ चारली! टेकडी आपली राह्यली! आता गावानं माझी मिरवणूक काढावी का नाय, तूच सांग!"

चुलतीनं वर माझ्या तोंडाकडं बघितलं.

"लंगडी मेंढी खालीच राह्यलीय. तिला खांद्यावर घे, वर सोडून ये."