गरुड नव्हे, घार

आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कठड्याला मी एक कॅमेरा बांधला होता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याची काच पुसायला गेले, तर गजावर कुंकवाचं बोट ओढलेलं आणि खाली शेवंतीची फुलं ठेवलेली. आधी हसू आलं. मग ते ओसरलं. कॅमेऱ्यासमोर सिल्व्हर ओकच्या बेचक्यात जे घरटं होतं ते घारीचं होतं, आणि ते अजून शाबूत होतं ते केवळ लोक तिला गरुड समजत होते म्हणून.

बंगळूरच्या येलहंक्यात राहायला आले त्या वर्षापासून मी ही जोडी पाहते आहे. पण खरं वेड लागलं ते घरून काम करायच्या काळात, आणि तेही परदेशातल्या घरट्यांवर लावलेल्या कॅमेऱ्यांचं. ऑफिसच्या कामाच्या मागे लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघडी असायची. बर्फात बुडून अंडी उबवणारा गरुड, उंच इमारतीच्या कडेला पिल्लं वाढवणारा बहिरी ससाणा. नवरा जेवायला बसताना विचारायचा, "तुझे अमेरिकेतले पाहुणे जेवले का आज?" एक दिवस गॅलरीत मेथी निवडताना मान वर केली, तर आमचीच घार पायात काटकी धरून झाडाकडे चालली होती. हजारो मैलांवरच्या संसाराची मला खडान्‌खडा माहिती, आणि खिडकीसमोरच्या संसाराची काहीच नाही.

घारी बहुधा जुनंच घरटं डागडुजी करून पुन्हा वापरतात. म्हणून पावसाळ्यात, ते रिकामं असताना, मुलीच्या पाळण्यावर लावलेला जुना कॅमेरा मी टाकीवर नेला आणि खाली बेचक्याकडे वळवून ठेवला. थंडी पडल्यावर जोडी परत आली. काटक्या आल्या, दुधाच्या पिशव्या आल्या, कुणाच्या तरी साडीची किनार आली. एक निळा मोजा आला, तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ओळखला. मग अंडी आली.

आणि मग घारीने सोसायटीच्या अध्यक्षांना मारलं.

अध्यक्ष रोज सकाळी गच्चीवर चालतात. निवृत्त अभियंते, मूळ पुण्याचे, माझ्याशी आवर्जून मराठीत बोलणारे. अंड्यांवर बसलेली घार जवळ फिरकणाऱ्या माणसाला मागून येऊन टपली मारते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टाळूवर नखं लागली, रक्त आलं, इंजेक्शन घ्यावं लागलं. त्यांनी कमिटीत ठराव मांडला: माणसं बोलवायची आणि फांदी घरट्यासकट उतरवायची.

मी त्यांच्याकडे गेले. "सर, अंडी आहेत त्यात. कायद्याने नाही पाडता येत घरटं. तुमची काळजी मला आहे. आपण तेवढ्यापुरती ती गच्ची बंद ठेवू, नाहीतर छत्री घेऊन जाऊ."

"कायदा माझ्या टाळूला समजावून सांगा," असं म्हणून त्यांनी टोपी काढून दाखवली.

मला एवढंच सुचलं की लोकांनी आत काय आहे ते पाहावं. मी कॅमेऱ्याची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. अंड्यांतून पिल्लं निघाली, कापसाच्या बोळ्यासारखी, आणि आमच्या इमारतीत कुणाला कुणाचं काय चाललंय हे विचारायची पद्धत नसताना लिफ्टमध्ये लोक मला विचारू लागले, "धाकटं खातंय का नीट?"

गरुडाची गोष्ट सुरू केली ती माझ्या खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी. त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आलंय की त्यांच्या मराठीतून कन्नड वेगळं काढता येत नाही. कॅमेरा स्वस्तातला. दुपारच्या उन्हात त्याला उजेड झेपत नसे आणि घारीचं तपकिरी डोकं पांढरंफटक दिसायचं, अंग तांबूस. इथे लोक ज्याला गरुड म्हणून हात जोडतात, तो तळ्यांवर दिसणारा पक्षी अगदी तसाच: पांढरं डोकं, विटकरी अंग. पुस्तकात त्याला ब्राह्मणी घार म्हणतात. आमची होती साधी घार, कन्नडमध्ये हद्दू, कचऱ्याच्या ढिगावर घिरट्या घालणारी.

"अक्का, ही घार आहे."

"स्वल्प थांब ग. मला डोळे नाहीत का? मल्लेश्वरमच्या घरावर रोज बघायची मी गरुड."

त्यातच विमानांचं प्रदर्शन आलं. हवाई तळावर ते भरतं तेव्हा येलहंक्यातली मांसाची दुकानं बंद ठेवायला लावतात, कारण टाकलेल्या मांसावर घारी येतात आणि घारी विमानांना धडकतात. दुकानं बंद झाल्यावर आमच्या जोडीने आपलं जुनं काम काढलं. उंदीर, सरडे, आणि एके दिवशी भर दुपारी, निम्मी इमारत बघत असताना, एक लहानसा साप. तो पायात वळवळत असतानाच अक्कांचा फोन आला. "आता बोल."

मी ग्रुपवर स्वच्छ लिहिलं, ही घार आहे, गरुड नाही. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं आली, ओळीने. टाकीच्या गजाला कुंकू लागलं ते त्यानंतर. फांदी उतरवायचा विषय कमिटीत कुणी काढेना. अध्यक्षही गप्प. टाळूवरची जखम आता काहींना अहोभाग्य वाटू लागली होती. "तुम्हाला स्पर्श झाला सर," असं तळमजल्यावरचे एक गृहस्थ त्यांना म्हणाले, तेव्हा अध्यक्षांचा चेहरा मी पाहिला. त्यांची मला दया आली.

प्रदर्शन संपलं, दुकानं उघडली. पहिल्याच सकाळी घारीने कोंबडीचे पाय आणले. पिवळे, नखांसकट, पडदाभर. दुपारी आतडी आली. पिल्लांनी ती दोन्हीकडून ओढली. ग्रुपवर एकामागून एक प्रश्न येऊ लागले.

"हे काय आहे?"

"गरुड चिकन खातो?"

"रविवार असेल त्याचा."

आमच्या इमारतीतले बरेच लोक मांस खात नाहीत. गच्चीवर सांडगे, पापड वाळत घालतात, आणि आता त्यांत हाडं सापडू लागली. एका बाईंनी आपल्या परातीचा फोटो टाकला. अध्यक्षांनी रविवारी बैठक बोलावली. सोमवारी झाडावर चढणारी माणसं येणार, असंही त्यातच लिहिलं. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. पंखांवर नुसत्या पिसांच्या नळ्या फुटल्या होत्या.

शनिवारी अक्का माझ्याकडे आल्या. नेहमीसारख्या सोफ्यावर नाही, स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसल्या.

"हे बघ पोरी, मला कळतं. गरुड कोंबडीचे पाय नाही आणत. पण तू सायन्सवाली. तू उभं राहून सांग की गरुडच आहे, पिल्लांसाठी काहीही आणतो. कोण तपासणार आहे? सरी सरी, बरोबर आहे, म्हणतील सगळे."

"आणि खोटं?"

"त्या पिल्लांना विचार, त्यांना खरं हवंय की झाड."

त्या बोलत होत्या ते चुकीचं नव्हतं, म्हणूनच झोंबलं. माझ्या एका शब्दावर घरटं राहिलं असतं. आणि मी त्या शब्दाला नाही म्हणाले, तर सोमवारी पिल्लं खाली आली असती, माझ्यामुळे.

मी ज्या गावात शिकले तिथे माझ्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं. बाजारपेठेच्या टोकाला, पत्र्याचं. दुकानावर दिवसभर घारी फिरायच्या. वडील फुप्फुसाचे तुकडे वर उडवायचे आणि घार ते हवेतच झेलायची. कधी खाली पडू दिला नाही तिने. श्रावणात दुकान बंद असलं तरी त्या पत्र्यावर येऊन बसायच्या. वडील म्हणायचे, "बघ, यांना पंचांग कळत नाही." त्या दुकानाने मला शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शाळेत विज्ञानाचे सर होते, ते आम्हाला मागच्या लिंबावर बसलेला शिक्रा पक्षी दाखवायला न्यायचे आणि मग विचारायचे, "काय दिसलं? काय वाटलं ते नको सांगू. काय दिसलं?" आज मी सरकारी प्रयोगशाळेत धातूचे तुकडे तपासते ती नोकरी त्या दोघांची. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. माझ्याजवळ असलेलं सगळंच तिथून आलंय.

सोसायटीत मी एवढंच सांगितलं होतं की वडिलांचा गावी व्यवसाय होता. कुणी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण घारीला गरुड म्हणायचं म्हणजे, तिने काय खाल्लं ते झाकून तिला जागा मिळवून द्यायची. ते मला जमणार नव्हतं. आणि पिल्लं खाली येऊ देणंही जमणार नव्हतं. मग दोन्हीला नाही म्हणायचं, असं मी ठरवलं आणि भात लावला.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. आमची बैठक तीन-चार भाषांत चालते. अध्यक्षांनी मला उभं केलं.

"तुम्ही रोज बघता. तुम्हीच सांगा. गरुड आहे का?"

"नाही. घार आहे. साधी."

अक्कांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे कचरा खाणारी," मागून एक बाई म्हणाल्या.

"हो. आपलाच."

दोघं-तिघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "मग प्रश्नच मिटला. उद्या माणसं येतील."

"नाही मिटला. पिल्लं असलेलं घरटं पाडणं हा गुन्हा आहे, ती गरुडाची असोत की घारीची. उद्या झाडाला शिडी लागली तर मी वनखात्याला फोन करेन. आणि फोन कुणी केला ते माझ्या नावाने सांगेन, सगळ्यांदेखत."

"तुम्ही सोसायटीला धमकी देताय?"

"सर, तुम्हाला लागलं, त्याचं मला वाईट वाटतं. हाडं मी झाडेन, रोज सकाळी. पण घरटं उतरणार नाही."

तळमजल्यावरचे गृहस्थ, ज्यांना स्पर्श पवित्र वाटला होता, ते आता उठले. "पण मला सांगा, एक घाणेरडा पक्षी. तुम्हाला एवढं काय आहे त्याचं?"

"माझ्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं," मी म्हणाले. "मी त्या दुकानावर शिकले. हे पक्षी तिथे रोज यायचे. घाण नव्हती ती, त्यांचं जेवण होतं. आमचंही."

पार्किंगमध्ये कुणाचीतरी स्कूटर सुरू झाली आणि गेली. गृहस्थ खाली बसले.   

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पिल्लं उडेपर्यंत थांबू. गच्ची बंद. नंतर फांदी जाईल, आणि मग तुम्ही फोन करायचा नाही."

"रिकामं असेल तर नाही करणार."

संध्याकाळी वडिलांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ हसले. "बरं केलंस. गरुड म्हणाली असतीस तर बिचारीला शाकाहारी व्हावं लागलं असतं."

सगळं बरं झालं नाही. समोरच्या घरात मी दर सणाला डबा द्यायचे, आणि तिथून तो कधी रिकामा येत नसे. चिमूटभर साखर तरी असायची. त्या आठवड्यात माझा डबा धुऊन, पुसून, रिकामा आला, दाराबाहेर ठेवलेला. मी तो उचलला आणि पुढच्या सणाला पुन्हा भरून दिला. पुन्हा रिकामा आला. मी देतेच आहे. टाकीच्या गजावरचं कुंकू पुसलं गेलं. लिंक बघणारे निम्म्यावर आले. अक्का काही दिवस रुसल्या, मग एका दुपारी त्यांचा फोन आला, "धाकटं फांदीवर आलंय, पडेल ना ग?"

नाही पडलं. मार्च सरता सरता दोन्ही पिल्लं उडाली. धाकटं आधी गॅलरीच्या कठड्यावर आदळलं, मग सावरलं. मेमध्ये माणसं आली आणि फांदी उतरवली. मी फोन केला नाही. खाली उभी राहून घरट्याचा ढीग पाहिला. त्यात काकांचा मोजा होता. मी तो त्यांना नेऊन दिला आणि त्यांनी तो घेतलाही.

या थंडीत जोडी पुन्हा आली. एक-दोन दिवस कापलेल्या फांदीच्या खुंटावर बसली. मग त्याच झाडाच्या वरच्या बेचक्यात, गच्चीच्या आणखी जवळ, काटक्या जमवू लागली. अध्यक्षांनी मला जिन्यात गाठलं.

"पाहिलंत ना? आता?"

"पाहिलं," मी म्हणाले. "कॅमेरा मी कालच वर सरकवला. तुमच्यासाठी एक छत्री आणलीय, टाकीपाशी टांगली आहे."

ते वर गेले. थोड्या वेळाने कॅमेऱ्यात एक काळी छत्री दिसली, गच्चीवर सावकाश फेऱ्या मारणारी, आणि तिच्यावर घिरट्या घालणारी घार.