वालात गेला की आऊट

बदलापुरात, कात्रपला आमच्या बिल्डिंगसमोर, होतं नव्हतं ते शेत बुजवून, क्रिकेटचं टर्फ झालंय. रविवारी सकाळी चहा घेऊन बाल्कनीत आलो की उन्हानं तापलेल्या प्लॅस्टिकच्या हिरवळीचा वास नाकात शिरतो. आत हेल्मेटं काय, कोपराला पॅडं काय, आणि चेंडू टेनिसचा! तोही जरा आपटून छातीवर आला की सगळे वाघ मटकन खाली बसतात. फाटकावर पाटी आहे : चेंडू थेट जाळीबाहेर गेला तर आऊट. ती वाचली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भित्र्यांचा नियम, दुसरं काय! पण बोलायला मला तोंड कुठं आहे? याच जमिनीवर तोच नियम आम्हीही मुकाट पाळला होता.

तेव्हा इथं भाताची खाचरं होती. कापणी झाली की वरच्या खाचरात आम्ही खेळायचो आणि लेग साइडला, खालच्या खाचरात, उरल्या ओलीवर वाल उभा असायचा. तो आमच्यातल्याच एकाच्या बापाचा. चेंडू शोधायच्या नादात शेंगा तुडवल्या जायच्या, म्हणून म्हाताऱ्यानं बजावलं, "वालात गेला की आऊट, नायतर खेळ बंद." झालं, सगळं गाव लेग साइडला मारायचं विसरलं. चेंडू आपटला की आम्ही वाकायचो आणि वर त्याला टेक्निक म्हणायचो. कसलं टेक्निक नि कसलं काय! अंबरनाथ-उल्हासनगरचे गोलंदाज आमच्या तोंडावर सांगायचे, "बदलापूरवाले हैं, छाती पे डाल."

म्हाताऱ्याचा पोरगा तेवढा निराळा. अंगानं काडी; पण चेंडू आपटला की मागच्या पायावर जाऊन, कमरेत वळून, आडव्या बॅटीनं तो असा हाणायचा की चेंडू थेट बापाच्या वालात. मग स्वतःच हसत बॅट काखेत मारून बाहेर चालू लागायचा. दिवसातून तीनदा तरी हे व्हायचंच, आणि आम्ही 'वालात! आऊट!' म्हणून बोंबलायचो.

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या टीममध्ये एक जागा निघाली. टीममध्ये घेतला की नोकरी पक्की, म्हणून आम्ही दोघं निवडीचा सामना खेळायला गेलो. गोलंदाजानं त्याला चेंडू आपटलाच. काय फटका होता तो! चेंडू मिडविकेटच्या डोक्यावरून सुसाट गेला, आणि समोरच्या टोकाला उभा असलेला मी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, ओरडलो, "वालात! आऊट!" त्यानं बॅट काखेत मारली आणि चालू लागला. तिथं कुठला आलाय वाल! सीमेजवळच्या गवतात अडकलेला चेंडू त्यांच्या एका क्षेत्ररक्षकानं आरामात उचलून फेकला, यष्टी उडाल्या, पंचानं धावबादचं बोट वर केलं. मैदान हसलं. कोण ओरडलं ते कळू नये म्हणून मीही हसलो. निवड झाली माझी. अख्खा डाव मी वाकून काढला होता. साहेबांना तो संयम वाटला. त्या वाकण्यावर मी निवृत्त होईपर्यंत पगार खाल्ला. थू!

त्या बापलेकांची जमीन गेली. तो आता याच टर्फच्या फाटकावर खुर्ची टाकून बसतो, बुकिंग बघतो. गेल्या रविवारी कुणीतरी पुलचा एक सणसणीत फटका मारला, जाळीवरून बाहेर, आणि मान खाली घालून निघाला. मला राहवलं नाही. खाली उतरून फाटकावर त्याच्या खुर्चीजवळ गेलो.

"त्या दिवशी ओरडलो तो मी होतो."

"तर काय! तुझा आवाज मला कळत नाय?"

"मग कधी बोलला नाहीस ते?"

"तू कधी बोलतो ते बघत होतो." त्यानं बुकिंगची वही मिटली. "एक सांग. मी वळून बघितलंच नाय रे. गेला कुठवर होता?"

खाचरं गेली, वाल गेला, म्हातारा गेला. तो चेंडू मात्र माझ्या एकट्याच्याच डोळ्यांत राहिला होता, इतकी वर्षं. सीमेजवळचं गवत गेलं खड्ड्यात! मी जाळीपलीकडे, रस्त्यापलीकडे, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीकडे बोट केलं. तो खुर्चीतून उठला आणि तिकडे बघत राहिला.